धुकधुक कोणाची

माझ्या टायपिंगच्या क्लासमधल्या मुलींची लग्नं होतात. मग एखादी एक दिवस पेढे घेऊन येते, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी करते आणि निघता निघता दबक्या आवाजात विचारते, "मॅडम, ते पोटावर ठेवून ठोके ऐकायचं मशीन तुमच्याकडे होतं ना? आम्ही घेऊ का?" उभ्या उभ्या सगळं सांगणं होत नाही. अर्धं सांगितलं तर ती त्यातलं हवं तेवढंच घेऊन जाते. म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही, आणि शहाणपण शिकवायची मला हौसही नाही. माझ्या पोटात आणि माझ्या घरात काय झालं, तेवढंच मला माहीत आहे.

आधीचं

माझं माहेर यवतमाळ शहरातलं. वडील कचेरीत, काका कचेरीत, आमच्या घरात पेनापेक्षा जड अवजार कुणी उचललेलं नाही. सासर मुकुटबनकडचं, शेतीवाडीचं. माझा नवरा अविनाश एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होता. म्हणजे गाडीतून आलेला कापूस चिमटीत घ्यायचा, ओढून धागा पाहायचा आणि दर्जा सांगायचा. जिनिंगच्या आवारातच आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि गावात रस्त्याला लागून मी क्लास चालवायचे. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, घरात मात्र 'अहो'च. सासूबाईंच्या कानांना दुसरं काही चालत नाही.

आमचा पहिला मुलगा पोटातच गेला. नववा लागला होता. वणीच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला गेलो होतो, येताना रसवंतीवर थांबायचंही ठरलं होतं. सिस्टर मशीन पोटावरून फिरवत राहिल्या. नुसती खरखर. इकडून खरखर, तिकडून खरखर. मग त्यांनी मशीनचा आवाज बारीक केला, आणि त्याच क्षणी मला समजलं. ज्याला काही सापडायची आशा असते तो आवाज मोठा करतो. डॉक्टर मॅडम आल्या, पडदा ओढला गेला, पुढचं सगळं नंतर झालं. मी रडले, ओरडले, सिस्टरांना नाही नाही ते बोलले. अविनाश रडला नाही. महिनाभर तो फक्त एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होता, "घरी असं मशीन असतं तं आधीच समजलं असतं."

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी ही गोष्ट आधी त्याला नाही, सासूबाईंना सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्या कानामागे काजळाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, "आता कोनाले सांगू नोको." जणू कुणीतरी दाराआड उभं राहून ऐकत होतं.

बीपी

तिसऱ्या महिन्यातच वणीच्या डॉक्टर मॅडमनी हाताला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "शुभांगी, बीपी आत्तापासूनच वर आहे. मागच्या वेळीही याच वाटेनं गेलं असावं." मला वाटलं होतं बीपी म्हणजे जाड्या शेठजींचा आजार. मी तर वाळलेली तुरीची काडी! पण आजाराला काय, घर रिकामं दिसलं की तो शिरतो.

गोळ्या सुरू झाल्या. मीठ गेलं, लोणचं गेलं, क्लास बंद झाला. दिवसभर डाव्या कुशीवर पडून राहायचं. सातव्यात काही दिवस वणीला भरतीही केलं. तिथली सकाळ फिनेलच्या वासानं सुरू व्हायची, मग पट्टा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा पट्टा. पट्टा आवळायला लागला की मी देवाचं नाव घ्यायचे आणि देवाचं नाव घेतलं की बीपी आणखी चढायचं. तिथल्या आयाबाई दुपारी येऊन माझ्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घालून द्यायच्या, न सांगता. त्या वेणीचे मी आजही उपकार मानते.

सुट्टी देताना मॅडमनी बजावलं, "पोटातली हालचाल हेच तुमचं मशीन. ती कमी वाटली की वाट पाहायची नाही, सरळ गाडीत बसायचं." मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

बोंडं

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं. एरवी दिवाळीनंतर जिनिंग धडधडायला लागायचं ते उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही. त्या धडधडीत आम्ही जेवायचो, भांडायचो, झोपायचो. ती बंद पडली की उलट जाग यायची. त्या वर्षी मात्र मशिनी दिवसचे दिवस गप्प. कापूस यायचा तो किडका, थोडका. कपाशीची पऱ्हाटी शेतात हिरवीगार उभी, बोंडं टपोरी, पाहणाऱ्याला वाटावं पीक जोरात आहे. फोडलं की आत सडका कापूस आणि गुलाबी अळी. बाहेरून भोक नाही, डाग नाही.

माझी खाट खिडकीशी होती आणि खिडकी फाटकाच्या बाजूला. दिवसभर तेच कानावर पडायचं. "वरून चांगलं दिसते जी, आत काईच नाई." "फोडून पाह्यल्याबिगर समजत नाई." मी पोटावर हात ठेवून पडलेली असायचे आणि बाहेर माणसं बदलायची, वाक्य बदलत नव्हतं. अविनाश दिवसभर शेतकऱ्यांनी दाखवायला आणलेली बोंडं फोडायचा आणि घरी येऊन माझ्या पोटाकडे पाहायचा. तो काय विचार करतो ते मला न सांगता समजायचं, आणि त्याची मला भीती वाटायची.

अळ्या गोदामातल्या कापसातून निघून आमच्या भिंतीवर यायच्या. बारीक, गुलाबी, हळू चालणाऱ्या. सासूबाई केरसुणीनं झाडून काढायच्या, तासाभरात पुन्हा तिथेच. एकदा डोळा लागला होता, तर पोटावर काहीतरी सरकल्यासारखं झालं. आतून की बाहेरून ते पटकन कळेना. पदर झटकला तर अळी होती. मी ओरडले नाही, पण त्या दिवसापासून पोटात काही हललं की आधी पदर झटकायची सवय लागली.

मशीन

माझा दीर हैदराबादला नोकरीला. त्यानं भावाचं ऐकून मशीन मागवलं आणि पार्सल पाठवून दिलं. मुठीत मावेल एवढा डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला जाडसर बोंडूक, सोबत चिकट जेलची बाटली. घरात त्याचं नाव लगेच पडलं, धुकधुकी.

मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, "घरी नको. आवाज मिळाला नाही तर घाबराल, ते परवडलं. मिळाला तर घरी बसाल, ते परवडत नाही." त्यांचं दुसरं वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. आवाज मिळाल्यावर काय वाईट होणार, असं मला वाटलं.

सासूबाईंचा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता. त्या डब्याला हातही लावत नव्हत्या. म्हणाल्या, "आतल्या जिवाले बाहेरून हाका मारू नये, शुभा. त्याले वाटते, बलावून राह्यले. मंग थे निंगते."

"निघून कुठे जातं?" मी हसत विचारलं.

"बलावनारा कोन हाये त्याच्यावर हाये ना व," त्या म्हणाल्या आणि वरण हलवायला आत गेल्या. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

अविनाश मात्र अडून बसला. "डॉक्टर थ्या वणीत, आपुन इथं. मधात केवढा रस्ता हाये! मागच्या टायमाले कोनाले समजलं? तुले? मले? मशीन असतं तं..." पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते पूर्ण होऊ नये म्हणूनच मी म्हणाले, "बरं, एकदा ऐकू." माझ्यासाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त. बाईनं नवऱ्याच्या समाधानासाठी किती गोष्टी केल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही, तर हीही त्यातच धरा.

ऐकणं

पहिल्यांदा नुसती खरखर आली, वणीला मागच्या वेळी आली होती तशीच. मग अविनाशनं बोंडूक जरा खाली सरकवलं आणि एकदम आवाज लागला. हलका, भरभर, न थकता. क्लासमधली एखादी तयार मुलगी मान वर न करता टाइप करत सुटते ना, तसा. अविनाश खाली बसला. मागच्या वेळी न रडलेला माणूस आता ढसाढसा रडला. मग मलाही रडू आलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत.

'एकदा' म्हणता म्हणता ते रोजचं झालं. कामावर जाताना एकदा, जेवायला आला की एकदा. जेल संपलं, मग खोबरेल तेल. माझं पोट त्याच्यासाठी फाटकावरच्या गाडीसारखं झालं होतं, पाहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. मी एखाद्या दिवशी नको म्हटलं तर तो जेवायचा नाही. एकदा त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणाले, "मी बाई आहे की मोटार?" तो म्हणाला, "तू बाईच हायेस, म्हनून तं भेव वाट्टे."

आवाज शोधताना दुसरेही आवाज यायचे. वाऱ्यासारखा सूंऽ सूंऽ. पाण्यात कुणी पाय ओढत चालल्यासारखा एक. एका दुपारी अविनाश बोंडूक फिरवत होता, खरखर चालली होती आणि मधूनच माझ्या पोटातून माणूस बोलला. पुरुषाचा आवाज, शांत, समजावणीचा. शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी कुणाला तरी काही सांगत होतं. सासूबाईंच्या हातून पाण्याचा गंज पडला. मग शब्द थोडे लागले. "शेतकरी बंधूंनो... कामगंध सापळे... शेतात..." रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम! मशीननं कुठून तरी धरला होता. अविनाश पोट धरधरून हसला. म्हणाला, "पाह्य, आतून बी बोंडअळीचाच सल्ला!" मीही हसले. सासूबाईंनी मात्र मीठमोहरी उतरवून टाकली. आणि खरं सांगू, रेडिओ आहे हे कळण्याआधीचे ते दोन क्षण माझ्या अंगातून गेले नाहीत. जे मशीन नसलेला माणूस ऐकवतं, ते आणखी काय काय ऐकवेल, हा प्रश्न मनात बसला.

आणखी एक गोष्ट झाली, ती हळूहळू झाली म्हणून लक्षात आली नाही. मी हालचालीकडे पाहणं सोडून दिलं. आधी पोटात पाय वळला, कोपर लागलं, उचकी आली, सगळं मला कळायचं. आता मी दुपारच्या जेवणाची वाट पाहायचे. तो येईल, मशीन लावेल, मग बाळ आहे. मधल्या वेळात बाळ असतं की नाही, हे जणू मशीनलाच विचारायचं होतं.

ती दुपार

आठवा सरत आला होता. त्या दिवशी सकाळपासून पोट जड आणि गप्प होतं. सासूबाईंनी गुळाचा खडा दिला, खाल्ला. डाव्या कुशीवर पडले, उजव्या कुशीवर पडले. काही नाही. किंवा असेल, मला कळत नव्हतं. जिनिंग बंद, रस्त्यावर ऊन, एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. भिंतीवर एक अळी चालली होती, मी तिच्याकडे पाहत होते, कारण खोलीत तेवढंच हलत होतं.

अविनाश जेवायला आला. मी म्हणाले, "अहो, आज हालत नाही."

त्यानं हात न धुता मशीन काढलं. तेल, बोंडूक, खरखर, आणि लागलीच आवाज. स्पष्ट, एकसारखा.

"हाय!" तो म्हणाला. "हाय ना! झोपलं असन. तू कायले भेऊन राह्यली?"

तरी माझ्या समाधानासाठी त्यानं वणीच्या दवाखान्यात फोन लावला. मॅडम आत होत्या, काउंटरवरच्या मुलीनं उचलला. त्यानं सांगितलं, "धुकधुक येऊन राह्यली जी, पन हालचाल कमी वाट्टे म्हन्ते." त्याला म्हणायचं होतं, मशीनवर ठोके येताहेत. आमच्याकडे धुकधुक म्हणजे काळजाची धडधडही आणि जिवाला लागलेली भीतीही. त्या मुलीनं दुसरी धरली. मागचं हालचालीचं बहुतेक तिच्या कानापर्यंत गेलंच नाही. ती म्हणाली, "धुकधुक होतेच दादा, दिवस भरत आले की. पडून राहू द्या, पानी प्याले द्या."

"पाह्य," अविनाश फोन ठेवत म्हणाला, "थे बी म्हन्ते, धुकधुक हाये म्हन्जे बरोबर हाये."

मी शांत व्हायला हवं होतं. पण माझा कान त्या आवाजात अडकला. माझा धंदाच कानाचा. खोलीभर मशिनी एकदम वाजत असल्या तरी पाठमोरी उभी राहून मी सांगते, कोणती मुलगी बोटं चुकवते आहे. प्रत्येकीचा हात वेगळा. आणि हा हात रोजचा नव्हता. जरा संथ. जरा जड. जागा तीच, मशीन तेच, पण टाइप करणारं कुणी दुसरंच बसलं होतं.

तेवढ्यात बाहेर ट्रकचा फाळका धाडकन पडला. मी दचकले.

आणि मशीनमधला आवाजही दचकला. एकदम पळायला लागला, मग हळूहळू खाली आला.

माझ्या मनात आलं ते मला नको होतं. मी दोन बोटं गळ्यावर ठेवली. बोटांखाली जे उडत होतं, तेच डब्यातून वाजत होतं. ठोक्याला ठोका. मला भीती वाटली, तो वाढला. वाढला म्हणून मी आणखी घाबरले, तो आणखी वाढला. अविनाश आनंदानं म्हणाला, "पाह्य, आता आला रोजच्यावानी!" मी जितकी घाबरत होते तितकं ते बाळासारखं वाजायला लागलं होतं.

"हे बाळ नाही," मी म्हणाले. "ही मी आहे."

"काय बोलून राह्यली?"

"ही माझी धुकधुक आहे. गाडी काढा."

"अवं, आवाज येऊन राह्यला ना!" तो ओरडला. मी बोंडूक ढकललं तर त्यानं ते पुन्हा पोटावर दाबून धरलं. "बंद नोको करू. शुभा, बंद नोको करू."

तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. त्याला माझं म्हणणं कळलं होतं. पण जोवर ते वाजत होतं तोवर त्याचं मूल जिवंत होतं, आणि बंद करणारा हात त्याला स्वतःचा नको होता, माझाही नको होता. मला त्याची दया आली आणि भयंकर रागही आला. सासूबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. "वाजू दे त्याचं," त्या म्हणाल्या. "तू चाल."

जिनिंगची जीप होती, ड्रायव्हर होता. मागच्या सीटवर मी मधे, एकीकडे सासूबाई, दुसरीकडे अविनाश. पूर्ण रस्ता तो वाकून बोंडूक माझ्या पोटाला लावून डब्याला कान देऊन बसला होता. जीपच्या आवाजात ऐकू काय येणार होतं? दोन्ही बाजूंना हिरवीगार पऱ्हाटी उभी होती. मी डोळे मिटून घेतले.

वणी

मॅडमनी मला पाहताच टेबलावर घेतलं. त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मशीन पोटावर ठेवलं. आवाज आला. त्यांनी मान हलवली. "हे तुमचं." मशीन सरकलं. खरखर. पुन्हा सरकलं. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते, आता हा हात आवाजाच्या बटणाकडे जाईल आणि बारीक करेल.

तो हात गेला बटणाकडे. त्यांनी आवाज मोठा केला.

खूप खालून, खूप दुरून काहीतरी येत होतं. लागत होतं, अडखळत होतं, पुन्हा लागत होतं. माझ्या मनगटातल्या ठोक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. "हे बाळाचं," मॅडम म्हणाल्या आणि लगेच मान वळवून सिस्टरांना, "ऑपरेशनची तयारी करा, पळा."

कंबरेत सुई दिली, खालचं अंग माझं राहिलं नाही. हिरव्या पडद्यापलीकडे ओढाताण चालली होती, जणू माझ्या शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवत होतं. मग सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता मी ओळखत होते. मी छताकडे पाहिलं आणि क्षण मोजायचे नाहीत असं ठरवलं. आणि दार करकरावं तसा एक आवाज आला. एकदाच. मग दुसऱ्यांदा. सिस्टर म्हणाल्या, "मुलगी."

ती काचेच्या पेटीत बरेच दिवस होती. एवढीशी, सुरकुतलेली, नाकात नळी. बाळांचे डॉक्टर रोज म्हणायचे, "आज पाहू." ते दिवस कसे गेले ते मला आठवतच नाही, आठवते ती फक्त सासूबाईंची डब्यातली मऊ खिचडी आणि आयाबाईंची वेणी. मी घरी एकटी आले नाही, एवढं खरं.

ज्या विचारतात त्यांना

घ्यावं की नाही, हे मी कुणाला सांगणार नाही. मी नको म्हटलं तरी ज्यांच्या मनात धास्ती बसली आहे त्या घेतील, मीही घेतलंच होतं. फक्त मॅडमचं ते दुसरं वाक्य मला आता कळतं, ते तुम्हाला सांगते. मशीन खोटं बोलत नाही. ते ठोका ऐकवतं. कोणाचा, ते सांगत नाही. पोटातलं गप्प वाटलं तर डब्याला विचारू नका, गाडीत बसा. फोन केलात तर 'धुकधुक' म्हणू नका, 'बाळ हालत नाही' एवढंच म्हणा, तेच पहिल्यांदा म्हणा. आणि नवरा काय म्हणतो, सासू काय म्हणते, मशीन काय म्हणतं, ते जीपमध्ये ऐकत जा.

बाकावरचं

हे शेवटचं मी पाहिलेलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी, मुलगी मांडीवर झोपलेली असताना.

मला आत नेलं तेव्हा अविनाश बाहेर बाकावर बसला. तो डबा त्याच्या हातात तसाच होता, सुरूच, खरखरत. येणारे जाणारे पाहत होते. सासूबाई म्हणाल्या, बंद कर बाबू, तर त्याला ऐकूच आलं नाही. मग त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि बोंडूक स्वतःच्या छातीला लावलं. बोंडुकावर माझ्या पोटावरचं तेल अजून ओलं होतं.

लागला आवाज. भरभर, स्पष्ट, अगदी रोजच्यासारखा.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, हे माह्या छातीवर बी तसंच वाजते."

"वाजनच ना रे," सासूबाई म्हणाल्या. "जित्ता हायेस तू."

"म्हन्जे तवा आपल्याजवळ मशीन असतं तरी..."

सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तरी नसतं समजलं, बाबू," त्या म्हणाल्या. "तिचंच वाजत राह्यलं असतं, अन् आपुन खुशीत आयकत बसलो असतो. तुयं काई चुकलं नोतं."

सासूबाई सांगतात, तेव्हा त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं आणि पहिल्या पोरासाठी रडला.